इंजिन बदललं, काटा कुणाचं ऐकणार?

मारुती जिप्सी १९८५ साली आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ ची जिप्सी किंग १२९८ सीसीची झाली, पण कार्ब्युरेटर तसाच राहिला. पुढे त्याच मापाचं सोळा वॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आलं आणि जुन्या जिप्सीवाल्यांच्या डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच: भंगारात निघालेल्या एस्टीमचं तेच जी१३बीबी इंजिन आणायचं आणि आपल्या गाडीत बसवायचं. बसतंही ते. एस्टीममध्ये इंजिन आडवं असतं, जिप्सीत गाडीच्या लांबीनं, म्हणून पाण्याचे होज फिरवावे लागतात. पेट्रोलचा पंप, ईसीएम म्हणजे इंजिनचा संगणक, सायलेन्सरचं डोकं असा बराच उद्योग होतो. सगळं उरकत आलं की शेवटच्या संध्याकाळी एक पितळी सेन्सर आणि डॅशबोर्डकडून आलेली एक एकटी वायर समोर लोंबकळत राहते. कुणीतरी म्हणतं, "टेम्परेचरचीच आहे ना दोन्ही? मग दे जोडून."

माझ्या गाडीत नेमकं हेच झालं. वायरमन कामात वाईट नव्हता, घाईत होता. त्यानं मीटरची वायर ईसीएमच्या सेन्सरच्या वायरीला सोलून जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. गाडी सुरू झाली, पण काळा धूर, पेट्रोलचा वास, चेक इंजिनचा दिवा चालू, आणि टेम्परेचरचा काटा सीच्या, म्हणजे थंडच्या, खाली झोपलेला. प्लग काढले तर काजळीनं माखलेले. पंधरा दिवस आम्ही इंजेक्टर, प्रेशर, मॅप सेन्सर असं सगळं तपासत बसलो. दोष त्या टेपखाली होता.

म्हणून आधी हे सेन्सर बोलतात कसे ते समजून घ्या, पाना नंतर उचला.

ईसीएमचा सेन्सर म्हणजे पितळी टोपणात बसवलेला थर्मिस्टर. तो थंड असला की विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. बॉशच्या प्रचलित सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण अडीच किलोओहम असतो, ८० ला ३२०च्या आसपास, ९० ला २४३, १०० ला १८६ ओहम. सुझुकीचा सेन्सरही याच वाटेनं उतरतो. ईसीएम आपल्या पोटातल्या एका रोधकातून या सेन्सरला ५ व्होल्ट देतो आणि मधल्या बिंदूवर किती व्होल्ट उरले ते वाचतो. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, आयडल किती ठेवायचा, टायमिंग किती पुढे न्यायचं, हे ठरतं. थंडीत चोक ओढायचं काम पूर्वी आपण करायचो, आता हा सेन्सर करतो.

डॅशबोर्डचा काटा हा दुसरा प्राणी. तो थेट १२ व्होल्टवर चालतो. मीटरच्या गुंडाळीतून करंट एका वायरीनं इंजिनवरच्या त्याच्या स्वतःच्या सेन्सरपर्यंत, म्हणजे युनिटपर्यंत, येतो आणि युनिटच्या आट्यांतून इंजिनच्या धातूत, म्हणजे अर्थमध्ये, उतरतो. या युनिटचा रोध मुळातच फार कमी असतो: ८० अंशांना पन्नासेक ओहम, उकळत्या पाण्यात तीसच्या आत. ईसीएमच्या सेन्सरचे १८६ ओहम या काट्याला 'थंड' वाटतात. आणि उलट बाजूनं, मीटरच्या गुंडाळीतून आलेले १२ व्होल्ट ईसीएमच्या ५ व्होल्टच्या दारावर येऊन धडकतात. ईसीएमला वाटतं, सेन्सर तुटलाय, किंवा बाहेर सैबेरिया आहे. मग तो पेट्रोल ओतत सुटतो. माझा धूर तिथून आला. ईसीएम जळला नाही हे नशीब.

तेव्हा नियम एकच: ऐकणारे दोन, तर सेन्सरही दोन. एकाच अंगात दोन्ही असलेले तीन-चार पिनांचे सेन्सर काही गाड्यांत येतात, पण त्यांच्याही आत दोन वेगळे थर्मिस्टर असतील तरच ते दोन कामं करतात. दोन पिनांच्या सेन्सरकडून दोन कामं करून घेऊ नका.

साहित्य

डिजिटल मल्टिमीटर. १२ व्होल्ट, ३.४ वॅटचा मीटरमधला छोटा बल्ब, होल्डरसकट. ११० अंशांपर्यंत जाणारा तापमापक. ०.५ किंवा ०.७५ चौरस मिलिमीटरची गाडीची वायर, दोन रंगांत. घरच्या फिटिंगची वायर नको, तिचं आवरण बॉनेटखालच्या उष्णतेत कडक होऊन तडकतं. सेन्सरचा नवा कपलर, रबरी सील आणि पिनांसकट. पिना दाबायची पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह, कोरुगेटेड पाइप. ईसीएमचा वायरिंग डायग्राम, तोही त्याच वर्षाच्या त्याच ईसीएमचा. आणि एक जुनं पातेलं, जे पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. सेन्सरला कूलंट चिकटलेलं असतं, त्यातलं ग्लायकॉल विषारी आहे. हे घरी आधी सांगा, मग पातेलं घ्या.

कृती

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दरवर्षी कुणी ना कुणी हात भाजून घेतंच.

आता इंजिनवर कोण कोण आहे ते ओळखा. एक पिन असेल तर ते बहुतेक मीटरचं युनिट. दोन पिना असतील तर दोन शक्यता: ईसीएमचा सेन्सर किंवा रेडिएटरच्या पंख्याचा थर्मोस्विच. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. थंड असताना थर्मोस्विच काहीच दाखवणार नाही, कारण तो नुसता बंद-चालू होणारा स्विच आहे; सेन्सर दोन-अडीच किलोओहम दाखवेल. पुण्यात जानेवारीच्या सकाळी तीनच्या वर गेला तरी घाबरू नका, तो बरोबर बोलतोय.

वायरीच्या रंगावर विसंबू नका. पुस्तकात रंग लिहिलेले असतात, पण वीस वर्षांच्या गाडीत चार वायरमनांचे हात फिरलेले असतात आणि प्रत्येकानं त्या दिवशी टेबलावर जो रंग होता तो वापरलेला असतो. ईसीएमच्या कपलरपासून सेन्सरपर्यंत प्रत्येक वायर मल्टिमीटरच्या बीपवर वाजवून घ्या, दोन्ही टोकांचे कपलर काढून ठेवून.

भंगारातून आणलेला सेन्सर तपासल्याशिवाय बसवू नका. पातेल्यात पाणी घ्या, सेन्सरचं पितळी टोक बुडवा, कपलरची बाजू वर कोरडी ठेवा. तापमापक सेन्सरच्या शेजारी धरा, तळाला टेकवू नका, तळ नेहमी जास्त तापलेला असतो. मंद आच. ४०, ६०, ८० आणि उकळी, असे चार आकडे वहीत लिहा. पाणी शंभरलाच उकळतं असं गृहीत धरू नका: पुण्यात ते ९८च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ला. आकडे एकसारखे उतरत गेले पाहिजेत. मध्ये उडी मारली, किंवा पातेलं हलवल्यावर आकडा थरथरला, तर तो सेन्सर टाकून द्या. नवा काही फार महाग नसतो. त्याच्यामुळे जळणारं पेट्रोल महाग असतं. मीटरच्या युनिटचीही अशीच परीक्षा घ्या, फक्त मल्टिमीटरची एक तार पिनला आणि दुसरी पितळी अंगाला.

सेन्सर कुठे बसवायचा? जिथं पाणी इंजिनातून बाहेर पडतं तिथं, थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे इंजिनच्या बाजूला. थर्मोस्टॅट बंद असताना रेडिएटरकडची बाजू गार असते. तिथं लावलेला सेन्सर इंजिन तापत असतानाही 'अजून थंड आहे' असंच सांगत राहील. जी१३बीबीवर ईसीएमच्या सेन्सरची जागा ठरलेली आहे, ती हलवू नका. प्रश्न येतो जुन्या मीटरच्या युनिटचा. मॅनिफोल्डवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर बूच मारलेलं एखादं भोक सापडतं का ते बघा. सापडलं तर आटे मोजा, अंदाजानं फिरवू नका. ईसीएमच्या बहुतेक सेन्सरचे आटे एम १२, पिच १.५ असतात. युनिटचे मात्र काहीही असू शकतात, आणि एक अष्टमांश इंचाच्या आट्यांत जपानी पद्धतीला इंचाला २८ फेरे, अमेरिकन पद्धतीला २७. दोन फेरे दोन्ही एकमेकांत जातात. तिसऱ्या फेऱ्याला ॲल्युमिनियमचे आटे मरतात आणि मग मॅनिफोल्ड उतरवावा लागतो.

भोक नसेल तर वरच्या होजमध्ये बसणारा ॲडॉप्टर मिळतो. होज कापून मध्ये घालायचा, दोन्हीकडून क्लिप. पण लक्षात ठेवा, त्याच्या दोन्ही बाजूंना रबर आहे. युनिटला अर्थ मिळणार कुठून? ॲडॉप्टरच्या अंगावरून एक वेगळी वायर इंजिन ब्लॉकवर आणावी लागते. ती विसरली की काटा सीवरच राहतो, आणि माणूस समाधानात घाट चढत जातो. शिवाय ही जागा थर्मोस्टॅटच्या पलीकडची, त्यामुळे सकाळी काटा उशिरा उठेल. भोक मिळत असेल तर ॲडॉप्टर नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेन्सर नव्या वॉशरवर बसवा. एम १२च्या पितळी सेन्सरला १५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क पुरतो. टॉर्क पाना नसेल तर हातानं शेवटपर्यंत नेऊन वर थोडासाच दाबा. एका पिनेच्या युनिटवर टेफ्लॉन टेपचे सात वेढे मारायची सवय असेल तर ती सोडा. त्याचा अर्थ आट्यांतूनच जातो. सीलंट लावायचंच तर टोकाकडचे दोन आटे सोडून, पातळ थर. बसवल्यावर युनिटचं अंग आणि बॅटरीची सोडवलेली निगेटिव्ह वायर यांच्यात मल्टिमीटर लावा. एका ओहमच्या आत आलं पाहिजे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी इंजिन बदलताना अनेकदा खालीच पडून राहते, तीही इथंच पकडली जाते.

आता ईसीएमच्या सेन्सरच्या दोन वायरी. एक सिग्नलची, ती ईसीएमच्या ठरलेल्या पिनला. दुसरी सेन्सर अर्थची, तीही ईसीएमच्याच पिनला. या दुसरीबद्दल मी जरा हट्टी आहे. बहुतेक ठिकाणी ती जवळच्या बोल्टला आवळलेली दिसते: "अर्थ म्हणजे अर्थ." नाही. बॉडीतून हेडलाइटचा, पंख्याचा, हॉर्नचा करंट परत येत असतो. ईसीएमच्या आतला रोधक २.२ किलोओहमचा आहे असं धरून हिशेब करा. ९० अंशांना सिग्नल ०.५० व्होल्ट असतो, १०० ला ०.३९. म्हणजे एका अंशाला जेमतेम ११ मिलिव्होल्ट. पंखा सुरू झाल्यावर त्या बोल्टच्या अर्थमध्ये दहावा हिस्सा व्होल्ट जरी उचलला गेला, तरी ईसीएमला इंजिन दहा अंशांनी गार दिसेल. नेमकं पंखा चालू असताना, म्हणजे नेमकं तापलेलं असताना.

जोडाचीही हीच गोष्ट. गंजलेल्या, नुसत्या पिळलेल्या जोडात ५७ ओहम शिरले असं समजा. २० अंशांना अडीच हजारांत ५७ म्हणजे किरकोळ. सकाळी तपासाल तर सगळं ठीक. पण १०० अंशांना सेन्सरचे १८६ आणि जोडाचे ५७ मिळून २४३ होतात, आणि २४३ म्हणजे ९० अंश. खराब जोड थंडीत लपतो आणि उन्हाळ्यात खोटं बोलतो. पावसात कपलरमध्ये पाणी शिरलं तर उलट घडतं: करंटला पळवाट मिळते, रोध कमी दिसतो आणि ईसीएमला इंजिन आहे त्याहून गरम वाटतं. कोकणात गाडी वापरणाऱ्यांनी कपलरच्या रबरी सीलकडे दुर्लक्ष करू नये.

म्हणून मध्ये जोडच नको. ईसीएमपासून सेन्सरपर्यंत वायर अखंड पुरत असेल तर ती अखंडच ओढा. पुरत नसेल तर प्रत्येक वायरीत एकच जोड, पिन दाबून किंवा नीट डाग देऊन, वर गोंद असलेली हीट श्रिंक. दोन वायरींच्या जोडांची जागा एकमेकांपासून दोन इंच सरकवून ठेवा. काळी टेप गरमीत चिकट होऊन सुटते. वायरी कोरुगेटेड पाइपमधून न्या, एक्झॉस्टपासून वीतभर लांब आणि प्लगच्या केबलींपासूनही दूर. त्यांना समांतर बांधू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, तेव्हा इंजिनवरून बॉडीवर जाताना वायरीला थोडा झोळ ठेवा.

डॅशबोर्डची एकटी वायर मीटरच्या युनिटला, आणि फक्त त्यालाच. जोडण्याआधी काटा जिवंत आहे का ते बघा: बॅटरी पुन्हा लावा, इग्निशन चालू करा, ती वायर ३.४ वॅटच्या बल्बमधून इंजिनच्या धातूला टेकवा. काटा एचकडे सरकू लागला की लगेच काढा. वायर थेट धातूला टेकवणारे पुष्कळ आहेत. बल्ब मध्ये असला की मीटरची गुंडाळी वाचते. काटा हललाच नाही तर दोष मीटरकडच्या बाजूला आहे, युनिट बदलून उपयोग नाही.

विजेचा पंखा बसवला असेल तर त्याला वेगळा थर्मोस्विच आणि वेगळा रिले द्या. पंख्याचा करंट या सेन्सरच्या वायरींच्या जवळपासही नको.

कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि गाडीचं नाक उंचवट्यावर. होज नव्यानं फिरवलेले असतात, कुठेतरी हवेचा फुगा अडकतोच. सेन्सरचं टोक त्या फुग्यात आलं तर ते पाण्याचं नाही, वाफेचं तापमान सांगतं: काटा एकदम वर, एकदम खाली. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा, मग झाकण लावा.

आता पडताळणी. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी, इंजिन सुरू न करता, स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. जुन्या ईसीएमला स्कॅनर लागत नसेल तर सेन्सरच्या कपलरवर मागून मल्टिमीटरची बारीक पिन घालून व्होल्ट मोजा. कपलर काढला की सिग्नलच्या वायरीवर ५च्या जवळपास व्होल्ट दिसले पाहिजेत. बारा दिसले तर मीटरची वायर कुठेतरी तिला चिकटलेली आहे. स्कॅनरवर उणे ४० अंश म्हणजे वायर तुटलेली किंवा कपलर सुटलेला. १३०च्या वरचा आकडा थंड इंजिनावर दिसला तर सिग्नल अर्थला टेकलाय. कोडच्या भाषेत पी०११८ म्हणजे सिग्नल जास्त, पी०११७ म्हणजे कमी. दिवा लुकलुकून सांगणाऱ्या सुझुकीच्या जुन्या ईसीएममध्ये १४ आणि १५ हे आकडे याच सेन्सरचे.

मग इंजिन चालू करा आणि तापू द्या. आकडा न अडखळता चढला पाहिजे, थर्मोस्टॅट उघडताना किंचित थबकून स्थिरावला पाहिजे. तो स्थिर असताना काटा कुठे उभा राहतो ते नीट बघून ठेवा. जुना काटा आणि नवं इंजिन यांच्यात तो मधोमध थांबेलच असं नाही. पाव घर खाली थांबला तर तोच तुमचा 'मध्य'. हेडलाइट, पंखा, वायपर एकेक करून चालू करा. आकडा उडाला तर अर्थ पुन्हा तपासा. शेवटी एखादा घाट, दुसऱ्या गिअरमध्ये, शेजारी स्कॅनर बघणारा माणूस बसवून. मी खंबाटकीत केलं.

आरसी बुकावर नवा इंजिन नंबर चढवायचं काम आरटीओत वेगळं करावं लागतं, आणि त्याची चौकशी इंजिन विकत घेण्याआधी करा, नंतर नको.

सगळं झाल्यावर कोणती वायर कुठून कुठे जाते ते एका कागदावर काढा, पातेल्यातले चार आकडे शेजारी लिहा आणि कागदावर प्लॅस्टिक चढवून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. माझ्या जिप्सीत तो कागद अजून आहे. त्याच्यावर सगळ्यात वर, लाल पेननं लिहिलंय: "ही एकटी वायर मीटरची. ईसीएमला लावू नये."